गंजलेल्या खिळ्यांनी पाणी शुद्ध कसं होतं?

प्रश्न: नेपाळमध्ये पाण्याच्या फिल्टरमध्ये लोखंडी खिळे टाकतात असं ऐकलं. गंजक्या लोखंडाने पाणी उलट खराब नाही का होणार? आमच्या बोअरच्या पाण्याला हा उपाय चालेल का?

उत्तर:

गंजाला नाक मुरडू नका, त्या फिल्टरमध्ये खरं काम तोच करतो. खिळे टाकतात ते गंजावेत म्हणूनच.

नेपाळच्या तराईत, म्हणजे दक्षिणेकडच्या सखल पट्ट्यात, त्यातही नवलपरासी भागात, हातपंपाच्या पाण्यात आर्सेनिक हे विष आहे. पाणी दिसायला नितळ आणि चवीला गोड, त्यामुळे पिणाऱ्याला शंकाही येत नाही. आर्सेनिक पाण्यात विरघळलेलं असल्याने फडक्यातून गाळून निघत नाही. उकळलं तर पाणी आटतं आणि उरलेल्या पाण्यात विषाचं प्रमाण वाढतं. पण ओल्या लोखंडावर जो भुसभुशीत तांबडा गंज धरतो, त्याच्या कणांना आर्सेनिक चिकटून बसतं. हे कण पुढे वाळूत अडकले की पाण्यातलं विषही तिथेच अडकलं.

तिथल्या फिल्टरचं नाव कंचन. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मंडळींनी नेपाळच्या एन्फो या संस्थेबरोबर तो तयार केला. वर भोकं पाडलेल्या टोपात सुमारे ५ किलो खिळे, त्यावर विटांचे तुकडे, म्हणजे वरून पाण्याची बादली ओतली तरी खिळे बाजूला सरकत नाहीत. खाली बारीक वाळू, मग जाड वाळू, तळाशी खडी. वाळूवर कायम चार-पाच सेंटिमीटर पाणी उभं राहतं आणि तिथे धरणारा जिवाणूंचा थर बरेचसे रोगजंतू खाऊन टाकतो. तासाला १५-२० लिटर पाणी मिळतं. वीज लागत नाही.

मी पाणी तपासणीच्या कामासाठी काही महिने त्या भागात होतो. एका घरी फिल्टर नवाकोरा, देखभाल चोख, तरी आर्सेनिक तपासायच्या किटमधली कागदाची पट्टी पिवळी होऊन तपकिरीकडे झुकली. म्हणजे आर्सेनिक जसंच्या तसं. पुन्हा केली, पुन्हा तेच. शेवटी विटांचे तुकडे बाजूला काढले तर खाली खिळे चांदीसारखे चकचकीत! घरातल्या दिदी कौतुकाने म्हणाल्या, "हे महागातले आहेत, यांना खिया लागतच नाही." खिया म्हणजे गंज. जस्ताचा मुलामा दिलेले खिळे होते ते. दुकानदाराने चांगले म्हणून दिले, यांनी दोन पैसे जास्त मोजले आणि फिल्टरचा जीवच गेला. साधे काळे खिळे आणून टाकले, गंज धरू दिला, मग पट्टी फिकी आली.

तरीही हा रामबाण उपाय नाही. पाण्यात फॉस्फेट जास्त असेल तर गंजावरची जागा तेच अडवतं आणि आर्सेनिक निसटतं. बादली भसकन ओतली की पाणी खिळ्यांवरून क्षणात निघून जातं, चिकटायला वेळच मिळत नाही. आर्सेनिकची नेपाळमधली मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम आहे, आपल्याकडची १०. त्यामुळे तिथे पास झालेलं पाणी इथे नापास होऊ शकतं. वाळू धुतल्यावर निघणारा तांबडा गाळही अंगणात ओतायचा नाही, त्यात तेच विष साठलेलं असतं.

बांगलादेशात याच तत्त्वावर सोनो फिल्टर आहे. तो मूळचे कुष्टियाचे रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम यांनी केला आणि २००७ मध्ये त्याला १० लाख डॉलरचं ग्रेंजर पारितोषिक मिळालं. त्यात सुट्या खिळ्यांऐवजी लोखंडाचा खास सच्छिद्र थर असतो. मला विचाराल तर कंचनपेक्षा हा जास्त भरवशाचा.

आता तुमचं बोअर. ते कुठल्या जिल्ह्यात आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडचं असेल तर आधी फ्लोराइडची शंका घ्या. त्याला खिळे काही करत नाहीत. तिथे लागतात अ‍ॅल्युमिनियमची संयुगं: एकतर सक्रिय अ‍ॅल्युमिनाचा फिल्टर, नाहीतर तुरटी आणि चुन्याची नलगोंडा पद्धत, जी आपल्या नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने बसवली. आणि पाणी भरून ठेवल्यावर तांबडं होत असेल तर त्यात मुळातच लोह जास्त आहे. मग त्यात आणखी खिळे कशाला? त्या पाण्याला हवा खेळवून वाळूतून गाळणं बरं.

म्हणून फिल्टर शोधण्याआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. बाटली कशी आणि किती लिटरची हवी ते आधी तिथेच विचारा. अहवाल आला की लोह, फ्लोराइड, नायट्रेट आणि टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण) यांचे आकडे इथे टाका, बघून सांगतो.