कवड्या जमवायला सुरुवात करताय?

ठाण्याच्या खाडीत कवड्या शोधत फिरू नका, तिथे नुसता चिखल. पिवळी कवडी, म्हणजे मोनेटारिया मोनेटा, प्रवाळाच्या आसपास राहणारी, लक्षद्वीप, मालदीवकडची. त्यापेक्षा जांभळी नाक्यावर पूजेच्या सामानाच्या दुकानातून मूठभर घ्या आणि घरी खिडकीपाशी बसून निवडा.

त्यात दोन जाती मिसळलेल्या असू शकतात. पाठीवर नारिंगी कडं दिसलं तर ती मोनेटारिया ॲन्युलस. पिवळीची कड जाड, गाठाळ, आकार थोडा षटकोनी. पाठीचा रंग उडालेला असेल तर या गाठींवरूनच ओळखायचं. दोघींचंही नामकरण स्वीडिश निसर्गतज्ज्ञ लिनियसचं, १७५८ सालचं.

कवडीची चमक मुळातली असते. जिवंत असताना आतली गोगलगाय आपलं मऊ प्रावरण, म्हणजे अंगाचा पडद्यासारखा भाग, दोन्ही बाजूंनी कवचावर ओढून घेते, त्यातूनच तो गुळगुळीत थर चढतो. म्हणून लिंबू, व्हिनेगर, ॲसिड अजिबात नको. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं, आम्लाने तकाकी गेली की गेली. साधं पाणी आणि जुना मऊ टूथब्रश पुरे. (वार्निश मारलेली कवडी तर मला बघवत नाही.)

मोठे शंख मात्र सांभाळून घ्या. काही जाती १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. दुकानदार ‘चालतं हो’ म्हणाला तरी आधी जात ओळखा, मगच पाकिटाला हात घाला.