पाच मीटरला सात सेकंद: सासूबाईंच्या चालीवरून काय कळतं

ताई, तुमचा प्रश्न वाचला. सासूबाई 72 वर्षांच्या. महाधमनीची झडप अरुंद झाली आहे, ती बदलायची आणि सोबत बायपासही करायचा आहे. फिजिओने त्यांना पाच मीटर तीनदा चालवलं, सरासरी सात सेकंद भरले आणि सर्जन म्हणाले, "चाल मंद आहे, जोखीम थोडी वाढते." तुम्हाला वाटतं की त्या गुडघ्यांमुळे हळू चालतात, मग एवढ्याशा चालण्यावरून हृदयाबद्दल काय कळणार? आणि दुसऱ्या दवाखान्यात सहा मिनिटांची चाचणी (सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं ते मोजतात ती) करून घ्यावी का? मी 19 वर्षं हृदयशस्त्रक्रियेच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते तातडीचं आहे. सहा मिनिटांची चाचणी आत्ता स्वतःहून कुठेही करून घेऊ नका. झडप फार अरुंद असली की श्रम वाढले तरी हृदयातून बाहेर पडणारं रक्त त्या प्रमाणात वाढत नाही. पायांचे स्नायू रक्त मागतात, रक्तदाब पडतो आणि माणूस चालता चालता भोवळ येऊन कोसळू शकतो. त्यातून हृदयाच्या रक्तवाहिन्याही अडलेल्या आहेत. पाच मीटरची चाचणी निवडली जाते त्याचं एक कारण हेच, की त्यात रोजच्या चालीने जेमतेम आठ-दहा पावलं टाकायची असतात. तुमच्या फिजिओने योग्य तीच चाचणी घेतली आहे.

आता त्या सात सेकंदांबद्दल. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिका आणि कॅनडातल्या चार रुग्णालयांत 70 वर्षं आणि त्यापुढच्या 131 रुग्णांना हृदयशस्त्रक्रियेआधी असंच चालवून पाहिलं होतं. ज्यांना पाच मीटरला सहा सेकंद किंवा जास्त लागले, त्यांच्यात मृत्यू किंवा मोठी गुंतागुंत (पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणं, व्हेंटिलेटर लांबणं, छातीच्या हाडात खोल जंतुसंसर्ग, पुन्हा ऑपरेशन) होण्याची शक्यता सुमारे तिप्पट निघाली. पुढे 2016 मध्ये 15,000 हून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हाही चाल जितकी मंद तितकी जोखीम जास्त, हेच दिसलं. सासूबाईंचा वेग सेकंदाला साधारण 0.7 मीटर येतो आणि सहा सेकंदांची रेषा म्हणजे 0.83 मीटर. थोडक्यात, त्या रेषेच्या मंद बाजूला आहेत, पण रेषेपासून फार दूर नाहीत. आणि तिप्पट हा आकडा गटाचा आहे. मंद चालणाऱ्या कितीतरी आज्या मी वॉर्डातून चालत घरी जाताना पाहिल्या आहेत.

चालीवरून एवढं का कळतं? कारण पाऊल उचलणं हे एकट्या हृदयाचं काम नसतं. मांडीचे स्नायू, फुप्फुसं, तोल, नजर, मधुमेहाने बधिर झालेले तळवे, खाणंपिणं, मनाची उमेद, सगळ्यांचा हिशेब त्या काही सेकंदांत एकत्र होतो. इको आणि अँजिओग्राफी हृदय दाखवतात. ते हृदय ज्या शरीरात आहे, त्याच्याकडे ऑपरेशनचा दणका सोसायला शिल्लक किती आहे, ते चाल दाखवते.

"पण त्यांचे तर गुडघे दुखतात" हे तुमचं म्हणणं रास्त आहे आणि ते फिजिओला स्पष्ट सांगा. हाताच्या पकडीची ताकद किंवा खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत बसायला लागणारा वेळ असं आणखी काही ते तपासून पाहू शकतात. मात्र गुडघ्यांमुळे आलेला मंदपणा वजा करून टाकता येत नाही. उलट माझी खरी काळजी तिथेच आहे.

बायपाससाठी छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि तारेने जोडतात. ते सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर हातांवर भार देऊन उठायचं नाही, असं बहुतेक ठिकाणी सांगतात. गुडघे दुखणारी बाई मात्र खुर्चीतून उठते ती हातांनी रेटूनच. जमिनीवर मांडी घालून बसली असेल तर एक हात जमिनीवर, एक भिंतीला. भारतीय बैठकीच्या संडासात नळ धरून. म्हणजे ऑपरेशननंतर नेमकं जे करायचं नाही, त्यावरच त्यांचं रोजचं उठणं-बसणं चालतं. मग पेशंट उठायलाच घाबरतो, पडून राहतो, कफ साठतो, मांड्या आणखी वाळतात.

म्हणून हातात जे दिवस आहेत त्यांत एक सराव, सर्जनना विचारून, जरूर करा. उंच खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. सासूबाईंनी खुर्चीच्या कडेशी सरकायचं, पावलं मागे घ्यायची, दोन्ही हात छातीशी उशी धरल्यासारखे ठेवायचे, पुढे झुकायचं आणि पायांच्या जोरावर उठायचं. तीन वेळा जमलं तरी पुष्कळ झालं. छातीत दुखलं, धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. कुशीवर वळून पाय पलंगाखाली सोडत उठायलाही आत्ताच शिकवा. घरी उंच कमोडची सोय आत्ताच करा. ताटात रोज डाळ, दही, चालत असेल तर अंडं असू द्या, मूत्रपिंडाचं पथ्य असेल तर विचारून.

आणखी एक, चाचणी पुन्हा घेतली तर त्यांना "आई, जरा भरभर चाला" म्हणू नका. नातेवाईक हे हटकून करतात. ही परीक्षा नाही, रोजची चालच हवी असते. स्वतःची चप्पल, काठी वापरत असतील तर काठी, साडी पायात येणार नाही अशी. दवाखान्यातल्या गुळगुळीत रबरी सपाता नकोत.

सहा मिनिटांची चाचणी तुमच्या वाट्याला पुढे येईल: झडप बदलल्यावर, घरी सोडताना किंवा पुनर्वसन सुरू होताना. ती 30 मीटरच्या सरळ, सपाट मार्गावर घेतात. पेशंट दमला तर थांबू शकतो, घड्याळ मात्र थांबत नाही. आमच्याकडे एवढा मोकळा कॉरिडॉर मिळणं कठीण. माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या काळात मी एका आजोबांची पहिली चाचणी लांब कॉरिडॉरमध्ये घेतली आणि महिन्याने दुसरी 15 मीटरच्या जागेत. अंतर कमी भरलं आणि मी घरच्यांना सांगितलं की तब्येत उतरली आहे. खरं तर दुप्पट वेळा वळावं लागल्यामुळे आकडा घसरला होता. ते आजोबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. तेव्हापासून मी आकड्याशेजारी जागेची लांबी लिहिल्याशिवाय फाइल बंद करत नाही. तुम्हीही विचारून लिहून ठेवा. त्याच जागेत 30 मीटरच्या आसपास किंवा अधिक वाढ झाली तर ती खरी सुधारणा समजतात.

ऑपरेशननंतर सहसा पहिल्या दिवशी पलंगाच्या कडेला, खुर्चीत बसवतात आणि मग ड्रेनच्या (छातीत साठणारं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या) नळ्या सांभाळत काही पावलं चालवतात. बायपाससाठी पायातली शीर काढली असेल तर तो पाय सुजेल, चाल आधीपेक्षाही मंद होईल. त्या आठवड्यात पाच मीटरचा आकडा काढून घाबरू नका. नाडी कमी ठेवणाऱ्या गोळ्या चालू असल्या तर नाडीवरूनही दमणं कळत नाही. चालताना त्या तुमच्याशी पूर्ण वाक्य बोलू शकतात का, ते बघा. शब्द तुटायला लागले की खुर्ची पुढे करा.

फिजिओंना भेटाल तेव्हा एवढं विचारा: हात न लावता खुर्चीतून किती वेळा उठता येतं, ते मोजलं आहे का? नसेल तर मोजून घ्या आणि इथे सांगा, पुढचं त्यावरून बोलू.