खिडकीतली बाग : कपाला भोक पाडावं का?

प्रश्न : बाई, सासूबाईंच्या लग्नातला चिनी मातीचा सहा कपबश्यांचा सेट माझ्याकडं आहे. पांढऱ्यावर निळी वेल, काठाला सोनेरी रेघ. दोन कपांचे कान तुटलेत. नुसते कपाटात पडून होते म्हणून सगळ्यांत छोटी सक्युलंट, म्हणजे जाड रसाळ पानांची झाडं, लावली. तळाला बारीक खडे, त्यावर कोळशाचा चुरा, मग माती, असे रीतसर थर घातले. तरी चार रोपं बुडाशी कुजली. कपांना भोकं पाडून घेऊ का? नवरा म्हणतोय, आईचे कप फोडू नकोस.
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : चार धड कपांपुरतं यजमानांचं ऐका. कान तुटलेले दोन कप मात्र भोक पाडायला अगदी योग्य आहेत, त्यांच्याकडं मी शेवटी येते. आधी खड्यांचं बघू, कारण तुमची रोपं खड्यांच्या भरवशावर गेली.

तळाला खडे घातले की पाणी त्यांत उतरतं आणि वरची माती मोकळी राहते, असं बहुतेक सगळे धरून चालतात. तसं होत नाही. मातीच्या बारीक कणांमधल्या फटी पाणी धरून ठेवतात. खाली एकदम मोठ्या फटींचा थर आला, तर वरची माती पुरती भिजून चिंब होईपर्यंत पाणी त्यात उतरतच नाही. मातीच्या तळाशी असा एक चिंब थर प्रत्येक कुंडीत असतो. त्याची जाडी मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. बागेतल्या साध्या मातीत तो ३-४ सेंटिमीटर सहज भरतो. फूटभर उंच कुंडीत त्यानं काही बिघडत नाही, मुळांना वर भरपूर जागा असते. तुमच्या कपाची आतली उंची असेल ६ सेंटिमीटर. त्यातले दोन खड्या-कोळशांनी घेतले. उरलेल्या चारांत तो चिंब थर बसला की मुळांना हवा कुठून मिळणार? शिवाय कपाला भोक नाही, त्यामुळं जास्तीचं पाणी खड्यांतही साचतं आणि तिथंच नासतं. चिमूटभर कोळशानं त्याचा वास कमी होईल, मुळं वाचणार नाहीत.

हे नुसतं माझ्या शब्दावर मानू नका. शाळेत मी मुलांना एक प्रयोग करून दाखवायचे, तुम्हीही मोरीत करून बघा. भांडी घासायचा चपटा, आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. पाणी ठिबकायचं थांबलं की तोच स्पंज लांब कडेवर उभा करा. आणखी पाणी गळेल. ते थांबल्यावर आखूड कडेवर उभा करा, पुन्हा गळेल. स्पंज तोच, पिळला कुणीच नाही, फक्त उंची वाढली. कप म्हणजे आडवा धरलेला स्पंज. मुलांना हे एकदा दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नसे.

म्हणून चार धड कपांत माती घालूच नका. दह्याचा किंवा आइस्क्रीमचा छोटा प्लास्टिकचा कप घ्या, तळाला कात्रीच्या टोकानं पाच-सहा भोकं पाडा, रोप त्यात लावा आणि तो चिनी मातीच्या कपात अलगद बसवा. पाणी घालायचं तेव्हा आतला कप काढून मोरीत न्या, भरपूर पाणी घाला, पूर्ण निथळू द्या, मग परत ठेवा. आतला कप कपाच्या काठाखाली अर्धा सेंटिमीटर राहिला तर प्लास्टिक दिसतही नाही. सासूबाईंची वेल आणि सोनेरी रेघ जशीच्या तशी राहते, आणि उद्या मुलीला सेट हवा झाला तर तोही शाबूत असतो. घरातली जुनी चीज वापरात यावी ही तुमची इच्छा मला फार मोलाची वाटते, आणि ती पुरवायला चीज बिघडवावी लागत नाही.

आता तुटक्या कानांचे दोन कप. फरशीकाम करणाऱ्या मिस्त्रीकडं टाइल्सला भोक पाडायचं डायमंड बिट असतं, त्यांच्याकडून ६ मिलिमीटरचं भोक पाडून घ्या. घरीच करणार असाल तर बॅटरीवरचं ड्रिल घ्या, वायरचं नको, कारण इथं पाणी लागतं. कप ओल्या जाड फडक्यावर उपडा ठेवायचा. तळाला मास्किंग टेप लावायची म्हणजे बिट घसरत नाही. हॅमरचं बटण बंद, वेग कमी, दर काही क्षणांनी पाण्याचे थेंब. शेवटी शेवटी हात हलका करा, कप तडकतो तो तिथंच. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क हवाच, चिनी मातीची धूळ फुप्फुसाला वाईट.

आणखी एक गोष्ट. जुन्या रंगीत, सोनेरी नक्षीत शिसं असू शकतं. अशा कपात पुदिना-कोथिंबीर लावून खाऊ नका, आणि एकदा झाड लावलेला कप पुन्हा चहाला घेऊ नका.

प्रश्न : आमच्या रानातली माती काळीभोर, कसदार. ऊस, जोंधळा झकास येतो. तीच माती चाळून कपांत आणि बिनकानाच्या मगांत भरली. वाळली की कपाच्या कडेपासून सुटते आणि भेगा पडतात, पाणी घातलं की नुसता चिखल. एवढी चांगली माती झाडाला का चालत नाही?
— एक शेतकरी वाचक, अथणी तालुका

उत्तर : काका, माती उत्तमच आहे, तिला फक्त रान हवं. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. शेतात भेगा पडतात त्यानं जमीन आपोआप खालीवर होते, तो तिचा गुण. कपात तीच भेग मातीच्या आणि कपाच्या मधे पडते. तुम्ही पाणी घालता ते त्या फटीतून थेट तळाला जातं, मधला गोळा कोरडाच राहतो. नंतर तो भिजला की आठवडाभर सुटत नाही.

छोट्या भांड्याला भरड मिश्रण लागतं, म्हणजे वर सांगितलेला चिंब थर पातळ होतो. आपल्या भागात त्याला सगळ्यात सोयीची वस्तू म्हणजे फुटकी कौलं. जुन्या घरांवरची मंगलोरी कौलं उतरवून सगळीकडं स्लॅब पडतोय, तुकडे फुकट मिळतात. गोणपाटात गुंडाळून हातोडीनं फोडा. गव्हाच्या चाळणीतून जे खाली पडेल ते पुन्हा रव्याच्या चाळणीत घ्या. रव्याच्या चाळणीत वर राहतील ते दाणे आपले. खाली पडणारी भुकटी टाकून द्या, ती फटी बुजवते. सक्युलंटसाठी असे दाणे दोन वाट्या, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक वाटी, चाळलेलं गांडूळखत अर्धी वाटी. पानांच्या झाडांसाठी दाणे आणि कोकोपीट सारखेच घ्या, गांडूळखत एक वाटी. तुमच्या काळ्या मातीची एक मूठ त्यात जरूर घाला, ती अन्नद्रव्यं धरून ठेवते. मुठीपेक्षा जास्त नको.

आणि बोअरचं जड पाणी असेल तर कपाच्या काठावर पांढरी खर चढेल. पावसाचं पाणी कॅनमध्ये धरून ठेवा, या इवल्या झाडांना ते बरेच दिवस पुरतं.

प्रश्न : आमच्याकडं जूनला पाऊस लागला की ऊन म्हणून दिसत नाही. कपातल्या झाडांवर चिलटं उठतात, बशीत पाणी साचतं. चार महिने ही झाडं ठेवायची कशी?
— एक वाचक, जांबोटी, ता. खानापूर

उत्तर : कणकुंबी-जांबोटीचा पाऊस मी पाहिलाय, तुमचा प्रश्न अथणीच्या काकांच्या नेमका उलटा. पावसाळ्यात तुमच्याकडं माती वाळतच नाही, तेव्हा वार ठरवून पाणी घालणं बंद करा. कप उचलून बघा. हलका लागला तरच पाणी, तेही दोन चमचे. चिलटांची अंडी ओल्या मातीच्या वरच्या थरात असतात. वरचा बोटाच्या पेराएवढा थर कोरडा ठेवला आणि त्यावर जाड वाळू पसरली की ती कमी होतात.

बशीतल्या पाण्याकडं मात्र चिलटांपेक्षा फार गंभीरपणे बघा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास नेमक्या अशाच थोड्या, स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात. म्हणून पाणी नुसतं ओतून देणं पुरत नाही. आठवड्यातून एकदा बशी आणि बाहेरच्या कपाची आतली बाजू घासणीनं घासून काढा. पाण्यात ठेवलेल्या मनीप्लांटलाही हाच नियम.

तुमच्या हाताशी एक मोठी सोय आहे. खानापूरची माती भांड्यांसाठी नावाजलेली, खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थासुद्धा तिथंच आहे. पावसाळ्यापुरती सक्युलंट बिनझिलईच्या मातीच्या कपांत हलवा. त्यांच्या अंगातून पाणी बाहेर झिरपून उडतं, मुळं सुटसुटीत राहतात. बाहेरून हिरवं शेवाळ चढेल, ते झाडाला बाधत नाही. मला तर ते आवडतंच.

प्रश्न : लोणच्याच्या दोन जुन्या चिनी मातीच्या बरण्या आहेत, पिवळ्या-पांढऱ्या. त्यांत झाड लावलं तर पानं कडेनं करपाय लागलीत. शिवाय पांढरी कापसासारखी कीड आलीय. शेजारी म्हणतात तंबाखूचं पाणी मार. आमच्याकडं तंबाखूला काय तोटा!
— एक वाचक, निपाणी

उत्तर : करपणं मिठामुळं असावं. वर्षानुवर्षं लोणचं मुरलेल्या बरणीच्या झिलईला बारीक चिरा पडलेल्या असतात, त्यांतून मीठ आत शिरलेलं असतं आणि ओल मिळाली की बाहेर येतं. बरणी रिकामी करून गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्यानं तेल काढा. मग साध्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला. वाळल्यावर पांढरी पूड दिसेनाशी झाली की बरणी तयार.

तरी तोंड अरुंद असलेल्या बरणीत माती भरू नये असं माझं मत आहे. झाड वाढलं की मुळांचा गोळा बाहेर निघत नाही, मग झाड कापा नाहीतर बरणी फोडा. त्यापेक्षा तीत पाणी भरून मनीप्लांटचा किंवा सिंगोनियमचा वेल लावा. काचेच्या बाटलीत उजेड शिरतो आणि पाणी हिरवं होतं, बरणीत उजेड जात नाही, मुळं स्वच्छ वाढतात.

तंबाखूचं पाणी घरात अजिबात नको. निकोटिन कातडीतूनही अंगात जातं. ते कुंडीत, कपाच्या कानाला, बशीला लागून राहतं आणि तिथंच लेकरांचे हात जातात. दुसरं असं, तंबाखूतून मोझॅक विषाणू टोमॅटो, मिरची, पिटुनियाला लागतो. परसात मिरची असेल तर फार जपा. पांढरी कीड मोजकीच असते. कापसाच्या बोळ्याला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक टिपून काढा आणि दर चार-पाच दिवसांनी पानांच्या बगला तपासा.

प्रश्न : नातू दीड वर्षाचा आहे. सुनेनं जेवणाच्या टेबलावर कपांत मनीप्लांट ठेवलेत. पोरगं कप दिसला की ‘चा, चा’ करत हात घालतं. काही धोका आहे का?
— एक आज्जी, चिकोडी

उत्तर : आज्जी, आहे, आणि तुम्ही वेळेवर विचारलंत. मनीप्लांट, सिंगोनियम, झीझी, डिफेनबेकिया या सगळ्यांच्या पानादेठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं की तोंडाची, जिभेची आग होते, सूज येते. हे कप आजच उंच फळीवर हलवा. कुठलंही झाड कपात लावून पोराच्या हाताला येईल असं ठेवूच नये, कारण कपातलं पिता येतं हे त्याला आपणच शिकवलेलं असतं. टेबलावर हिरवं हवंच असेल तर कप सोडून दुसऱ्या भांड्यात स्पायडर प्लांट, पेपेरोमिया किंवा हॉवर्थिया ठेवा, ही बिनविषारी आहेत. नातवानं कधी पान चावलंच तर तोंड पुसून पाण्यानं धुवा, थोडं गार पाणी पाजा. सूज वाढली, लाळ गळत राहिली, गिळायला किंवा श्वासाला त्रास दिसला तर तडक दवाखाना गाठा. जाताना पान बरोबर न्या.

प्रश्न : पितळी तांब्यात थेट माती घालून झाड लावलं तर चालेल का?
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर : नको. पितळेतलं तांबं ओल्या, आंबटसर मातीत सुटतं आणि मुळांची टोकं मारतं. तांब्यालाही डाग पडतात. आत प्लास्टिकचा कप बसवा. लोखंडी कढई गंजली तरी झाडाला त्रास नाही, ती थेट वापरा, तळाला भोक मात्र हवं.

प्रश्न : फ्लॅटला एकच खिडकी, तीही उत्तरेला. कपांची रांग तिथंच ठेवायची आहे. काय जगेल?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : फिटोनिया, पेपेरोमिया, छोटं सिंगोनियम आणि कपाएवढीच राहणारी बुटकी सॅन्सेव्हिएरिया. इचेव्हेरिया हे सक्युलंट आणू नका, उन्हाअभावी तिची मान लांबते. हॉवर्थिया मात्र जमेल.

उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही हे आपल्या गावात वर्षभर खरं नसतं. बेळगाव साधारण १६ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळं मे महिन्याच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळची तिरपी उन्हं उत्तरेच्या खिडकीत शिरतात. जूननंतर ढग असतात, पण मेमध्ये ती उन्हं फिटोनियाचं पान एका दिवसात करपवतात. एप्रिल संपताना कप काचेपासून वीतभर आत सरकवा आणि पाऊस लागला की पुन्हा काचेजवळ आणा.