गोठणगावच्या वसाहतीत १९८५ साली जन्मलेल्या तिबेटी व्यक्तीला भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करावा लागतो का?

नाही, अशी व्यक्ती जन्मानेच भारतीय नागरिक ठरते, त्यामुळे तिला नागरिकत्व मागायचे नसून केवळ सिद्ध करायचे असते. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ३ नुसार २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीपर्यंत भारतात जन्मलेल्यांच्या बाबतीत आईवडिलांचे राष्ट्रीयत्व सर्वसाधारणपणे पाहिले जात नाही, आणि हेच दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये नामग्याल डोलकर या भारतात जन्मलेल्या तिबेटी महिलेच्या पासपोर्टच्या प्रकरणात व पुन्हा २०१६ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा गोंदिया जिल्ह्यातील या वसाहतीत जन्म झाल्याचा दाखला हाच येथे कळीचा कागद आहे. १ जुलै १९८७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी मात्र आई किंवा वडील भारतीय असणे आवश्यक असून, ३ डिसेंबर २००४ पासूनच्या जन्मांना याहून कडक अट लागू होते. तिबेटमध्ये जन्मलेल्या ज्येष्ठांना कलम ६ खालील देशीयकरणाचा (म्हणजे दीर्घ वास्तव्याच्या आधारे अर्ज करून नागरिकत्व मिळवण्याचा) मार्ग कागदावर खुला आहे (अर्जापूर्वीचे सलग १२ महिने आणि त्याआधीच्या १४ वर्षांपैकी ११ वर्षे भारतात वास्तव्य), पण बेकायदा स्थलांतरित ठरणाऱ्याला तो बंद आहे. याच अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीतील सवलतही तिबेटींना लागू नाही. एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी: २०१७ मध्ये पासपोर्टसाठी तिबेटी म्हणून मिळालेले नोंदणी प्रमाणपत्र परत करण्याची आणि वसाहतीत न राहण्याची अट घालण्यात आली होती. घर-शेती वसाहतीतच असेल, तर अर्जाआधी सध्याचा नियम पासपोर्ट कार्यालयातून लेखी घ्यावा.