सुरुवातीचे ख्रिस्ती विचारवंत मरणाची ओढ शिकवत होते का?

तुमचा प्रश्न असा आहे: अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस यानं रोमच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेलं पत्र वाचलं की सुरुवातीच्या ख्रिस्ती विचारवंतांना मरणाचीच आस होती असं वाटतं, मग हौतात्म्य हा त्यांच्या ईश्वरविज्ञानाचा गाभा मानायचा का? मला वाटतं, हौतात्म्य गाभ्याच्या अगदी जवळ होतं. पण त्यांच्या सगळ्या वादाच्या मुळाशी मरण नव्हतं, देह होता.

रोमकरांना लिहिलेलं ते पत्र अंगावर येतं हे खरंच. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, परंपरेनुसार सम्राट ट्राजनच्या काळात, दहा सैनिकांच्या पहाऱ्यात इग्नेशियसला रोमला नेत होते. त्या सैनिकांना तो बिबटे म्हणतो. मला सोडवायची खटपट करू नका, अशी त्यानं रोमच्या मंडळीला गळ घातली. मी देवाचा गहू आहे, श्वापदांच्या दातांनी दळला जाऊन ख्रिस्ताची शुद्ध भाकर व्हायचं आहे, असं तो लिहितो. एवढंच वाचलं तर तुमची शंका रास्त वाटते.

पण त्याच प्रवासात त्यानं आजच्या तुर्कस्तानातल्या स्मुर्णा आणि ट्राल्लेसच्या मंडळ्यांनाही पत्रं लिहिली, आणि या वेडाचं कारण तिथे सापडतं. ख्रिस्तानं मानवी देह घेतल्याचा फक्त भास झाला, तो खरा जन्मला नाही आणि खरा मेलाही नाही, असं शिकवणारे लोक तेव्हा होते. इग्नेशियसचा त्यांना सरळ सवाल आहे: त्याचं दुःख जर नुसता भास होता, तर मी बेड्यांत कशाला पडलोय? श्वापदांशी झुंजायला कशाला निघालोय? पुढचं त्याचं निरीक्षण मला त्याहून मोलाचं वाटतं. तो म्हणतो, असं शिकवणाऱ्यांना विधवेची, अनाथाची, कैद्याची, भुकेल्याची पर्वा नसते. ज्याला ख्रिस्ताचा देह खरा वाटत नाही, त्याला शेजाऱ्याची भूकही खरी वाटत नाही, असं मी ते वाचतो.

हाच धागा 177 मध्ये गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, लियोंला दिसतो. तिथल्या मंडळीनं छळाची हकिकत आशिया नावाच्या रोमन प्रांतातल्या (आजचा पश्चिम तुर्कस्तान) मंडळ्यांना पत्रानं कळवली, ती चौथ्या शतकातला ख्रिस्ती इतिहासकार युसेबियस याच्यामुळे आपल्यापर्यंत पोचली. ब्लांदिना ही त्यातली एक गुलाम स्त्री. शरीरानं इतकी नाजूक की हिला धीर धरवेल का, अशी धास्ती तिच्या मालकिणीला वाटत होती. तिला खांबाला टांगलं, तेव्हा सोबतच्या कैद्यांना तिच्यात क्रुसावरचा ख्रिस्त दिसला, असं पत्र सांगतं. रोमन समाजाच्या उतरंडीत सगळ्यात खाली असलेल्या बाईच्या देहात देव दिसतो हे म्हणणं त्या काळात किती धाडसाचं होतं, याचा जरा विचार करा. नव्वदी ओलांडलेला बिशप पोथिनस तुरुंगातच वारला आणि त्याच्या जागी इरेनियस आला. पुढे त्यानं ज्ञानवाद्यांविरुद्ध, म्हणजे गुप्त ज्ञानानं मुक्ती मिळते असं मानून देहाला तुच्छ लेखणाऱ्या पंथांविरुद्ध, मोठा ग्रंथ लिहिला. हुतात्म्यांची टिंगल करणाऱ्यांचा समाचार त्यातही आहे.

आता मरणाच्या हौसेबद्दल. स्वतःहून मरायला जाण्याला मंडळीनं फार लवकर चाप लावला. दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास स्मुर्णाचा वृद्ध बिशप पॉलिकार्प जाळला गेला. त्याच्या वृत्तांतात सुरुवातीलाच क्विंतस नावाच्या माणसाची गोष्ट आहे. तो आपण होऊन पुढे आला, इतरांनाही पुढे ढकललं, आणि श्वापदं पाहिल्यावर कच खाऊन शपथ घेऊन, बळी अर्पण करून मोकळा झाला. स्वतःहून जाणाऱ्यांची आम्ही स्तुती करत नाही, असं लेखक स्वच्छ बजावतो. उलट पॉलिकार्प आधी मळ्यांवर लपून राहिला होता. पकडायला आलेल्यांना त्यानं जेवू घातलं आणि प्रार्थनेसाठी फक्त तासभर मागून घेतला.

म्हणजे पळावं की थांबावं? इथे त्यांच्यात खरीखुरी फूट होती. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं येशूचं वचन. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट ते शब्दशः घेतो. जो टाळता येण्याजोगा छळ ओढवून घेतो तो छळणाऱ्याच्या पापात भागीदार होतो, असं त्याचं मत. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा टर्टुलियन उत्तरायुष्यात म्हणतो, ते वचन प्रेषितांपुरतं, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांपुरतं होतं. छळ देवाच्या इच्छेनं येतो, तेव्हा पळणं नाही आणि लाच देऊन सुटणंही नाही. ख्रिस्ती रक्त हे बीज आहे, हे सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य याच टर्टुलियनचं. मी क्लेमेंटच्या बाजूचा आहे. टर्टुलियनची भाषा तळपते, पण लेकुरवाळ्या माणसाला तिच्यात जागा नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्या वाट्याला आला. सम्राट डेसियसनं सगळ्यांनी देवतांना बळी द्यावा आणि तसा दाखला घ्यावा असं फर्मान काढलं. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडले आहेत. 250 मध्ये कित्येक ख्रिस्ती लोकांनी बळी दिला, काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. सिप्रियन स्वतः लपून बसला, त्याबद्दल त्याला बोलणी खावी लागली. छळ निवळल्यावर पडलेले लोक, म्हणजे बळी देऊन किंवा दाखला घेऊन श्रद्धेपासून ढळलेले, परत यायला लागले. तुरुंगात टिकून राहिलेले साक्षीदार त्यांना सरसकट माफीच्या चिठ्ठ्या देऊ लागले, तर रोममधला धर्मगुरू नोव्हेशियन माफीचं दारच बंद करायला निघाला. सिप्रियननं मधली वाट धरली: पश्चात्ताप, मुदत, आणि निर्णय बिशपांचा. पुढे नवा छळ दिसू लागल्यावर त्याच्या सभेनं पश्चात्तापी लोकांना लगेच सामावून घेतलं. कारण असं दिलं की ज्यांना आपण प्रभुभोजनातला ख्रिस्ताच्या रक्ताचा प्याला नाकारतो, त्यांच्याकडून ख्रिस्तासाठी रक्त सांडण्याची अपेक्षा कशी करायची? 258 मध्ये सिप्रियनचाच शिरच्छेद झाला. म्हणून पडलेल्यांविषयीचा त्याचा हा निर्णय मला अधिकच वजनदार वाटतो.

पुढे वाचायचं असेल तर पर्पेतुआच्या तुरुंगातल्या नोंदी घ्या. कार्थेज, 203. बावीसेक वर्षांची आई, अंगावर पिणारं मूल, विनवण्या करणारा बाप, आणि हे सगळं तिच्याच शब्दांत. तिच्यासोबतची गुलाम फेलिसिटस तुरुंगातच बाळंत झाली. कळांनी ती विव्हळली तेव्हा पहारेकऱ्यानं डिवचलं: आत्ताच ही गत, तर श्वापदांपुढे काय करशील? ती म्हणाली, आत्ताचं दुःख माझं मीच सोसते आहे. तिथे माझ्यात दुसरा कुणी असेल, तो माझ्यासाठी सोसेल. टर्टुलियन त्याच शहरात, त्याच वर्षांत लिहीत होता. पर्पेतुआ आणि टर्टुलियन यांना शेजारी ठेवून वाचलंत तर हा सगळा वाद पानापानावर दिसेल.