काटा कायम 'स्टॉर्मी'वरच का?

प्रश्न: जुन्या बाजारातून भिंतीवरचा जुना इंग्लिश बॅरोमीटर (हवेचा दाब मोजणारं यंत्र) आणला, पण बाहेर कडक ऊन असलं तरी काटा २८ जवळ 'स्टॉर्मी'वरच (म्हणजे 'वादळी'). बिघडलाय का? – एक वाचक, पुणे

उत्तर: अहो, बहुतेक नाही बिघडलेला! पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, आणि उंचीवर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे समुद्राकाठी पारा ३० इंच असतो तेव्हा इथे २८च्या आसपासच राहणार, आणि या तबकड्या लंडनसारख्या सखल गावांसाठी कोरलेल्या. १९व्या शतकात बॅन्जोच्या (गोल पोटाच्या, लांब मानेच्या पाश्चात्त्य तंतुवाद्याच्या) आकाराचे असे बॅरोमीटर बनवणारे बरेचसे कारागीर कोमो सरोवराकडून इंग्लंडात गेलेले इटालियन होते, तबकडीवरचं नाव नीट बघा, इटालियन निघालं तर मला फार आनंद होईल. मागे काचेची नळी असेल तर आत पारा आहे, विषारी असतो तो, त्यामुळे आडवा अजिबात करू नका, उभाच ठेवा.