धर्मग्रामासाठी देणगी : किती द्यावी, कशी द्यावी, हिशोब कोणी विचारावा

चर्चला, म्हणजे आपल्या धर्मग्रामाला (स्थानिक चर्च आणि त्याची मंडळी) द्यायच्या पैशांविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात एकत्र उत्तरे देत आहे. उत्तरांना आधार आहे तो कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या (चर्चच्या) 1983 च्या कॅनन संहितेचा, म्हणजे तिच्या कायद्याच्या पुस्तकाचा; त्यातील प्रत्येक कलमाला कॅनन म्हणतात. अन्य परंपरेतील मंडळींचे नियम वेगळे असतात, त्यामुळे तेथील वाचकांनी कलमांचे आकडे बाजूला ठेवून विचार तेवढा घ्यावा.

प्रश्न : मला ठरावीक पगार आहे. रविवारी मिस्साच्या (चर्चमधील मुख्य उपासनेच्या) वेळी थैली समोर आली की खिशात हाताला लागेल ती नोट टाकतो. माझे एक स्नेही म्हणतात की उत्पन्नाचा दहावा भाग दिलाच पाहिजे, नाहीतर देवाचे देणे बुडवल्यासारखे होते. असा नियम खरोखर आहे का? नसेल तर किती द्यावे?

दशांशाचा, म्हणजे दहावा भाग देण्याचा, नियम आज कॅथॉलिकांना लागू नाही. कॅनन 222 एवढेच सांगते की ख्रिस्तसभेच्या गरजांना हातभार लावणे हे श्रद्धावंतांचे कर्तव्य आहे, जेणेकरून उपासना, सुवार्ताप्रसार आणि सेवाकार्ये चालावीत व धर्मसेवकांचा योग्य निर्वाह व्हावा. किती द्यायचे, याबद्दल तेथे एकही आकडा नाही. धर्मशिक्षणग्रंथात ख्रिस्तसभेच्या पाच आज्ञांमध्ये हेच कर्तव्य ‘आपापल्या कुवतीनुसार’ पार पाडायला सांगितले आहे.

तुमच्या स्नेह्यांचे म्हणणे मात्र अगदीच निराधार नाही. जुन्या करारात दशांश आहे, आणि मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातील दशांशाचे वचन प्रवचनांत वारंवार ऐकू येते. त्या मानाने जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाचा चौदावा अध्याय क्वचितच वाचला जातो. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी (उपासनेची सेवा करणारा वंश), उपरे, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी आपापल्या गावात साठवून ठेवावा, असे तेथे सांगितले आहे. पुढे युरोपात 585 मध्ये माकों येथील धर्मपरिषदेने दशांश न देणाऱ्यांना बहिष्काराची तंबी दिली, 779 मध्ये फ्रँकांचा राजा शार्लमेन याने तो राज्याच्या कायद्यात आणला, आणि मग शतकानुशतके तो शेतकऱ्याच्या कोठारातून सक्तीने वसूल होत राहिला. त्याविषयीचा रोष इतका साचला होता की फ्रान्समध्ये 1789 च्या क्रांतीने जे पहिल्यांदा मोडीत काढले, त्यात दशांशही होता. आज जर्मनीत चर्चसाठीचा कर सरकारी यंत्रणा गोळा करते. त्याचा दर 8 किंवा 9 टक्के आहे, पण तो आयकराच्या रकमेवर लागतो, उत्पन्नावर नव्हे. बहुतेक देशांतील धर्मग्राम मात्र भाविकांनी स्वखुशीने दिलेल्या पैशावरच चालतात.

म्हणून दहावा भाग हे माप कोणी स्वतःसाठी स्वीकारले तर त्याचा आदर करावा. ते दुसऱ्यावर लादू नये. संत पौलाने करिंथच्या मंडळीला घालून दिलेली पद्धत मला अधिक उपयोगाची वाटते : आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही रक्कम बाजूला काढून ठेवावी (1 करिंथ 16:2). या एका वचनात दोन गोष्टी आहेत. रक्कम मिळकतीच्या प्रमाणात असावी आणि ती आधीच वेगळी काढलेली असावी. हाताला लागेल ती नोट टाकण्यात या दोन्ही गोष्टी सुटतात, कारण ती नोट तुमची मिळकत सांगत नाही, त्या दिवशी तुमच्या खिशात सुटे किती होते एवढेच सांगते.

आकडा ठरवण्यासाठी एक साधा हिशोब करून पाहा. धर्मग्रामाच्या गेल्या वर्षीच्या जमाखर्चात नेहमीचा खर्च किती दाखवला आहे ते पाहा : वीज, पाणी, मेणबत्त्या, द्राक्षारस आणि होस्तिया (मिस्साची भाकर), साक्रिस्तानाचा (चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या सेवकाचा) पगार, धर्मशिक्षणाच्या वर्गांची पुस्तके, छपराची आणि ध्वनियंत्रणेची डागडुजी, धर्मप्रांताला (बिशपांच्या अखत्यारीतील क्षेत्राला) द्यायचा वाटा. या बेरजेला कुटुंबांच्या संख्येने भागले की एका कुटुंबामागे सरासरी किती भार येतो ते कळते. ज्यांना काहीच देता येत नाही अशी कुटुंबे प्रत्येक धर्मग्रामात असतात, तेव्हा ज्याचे बरे चालले आहे त्याने त्या सरासरीच्या वर राहावे हे ओघानेच आले. हा हिशोब केल्यावर आपण वर्षानुवर्षे जे देत आलो ते किती तोकडे होते, हे बहुतेकांच्या लक्षात येते. ठरलेली रक्कम पाकिटातून द्या किंवा बँकेतून दरमहा परस्पर जमा होऊ द्या. सुट्यांत अर्धी बाके रिकामी असली तरी विजेचे बिल आणि साक्रिस्तानाचा पगार थांबत नाही, म्हणून धर्मग्रामाला एकदाच आलेल्या मोठ्या देणगीपेक्षा नियमित येणारी मध्यम रक्कम अधिक कामाची असते.

प्रश्न : आमच्या चर्चच्या छपरासाठी विशेष निधी गोळा झाला. छप्पर अजून गळते आहे आणि त्यातील काही पैशांतून नवे ध्वनिवर्धक घेतले, असे ऐकतो. विचारायला गेलो तर ‘देवाला दिलेल्याचा हिशोब मागायचा नसतो’ असे एका ज्येष्ठ सभासदाने सुनावले. आम्ही काय करावे?

प्रथम त्या ज्येष्ठांच्या वाक्याविषयी. ते धार्मिक वाटते, पण ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीशी त्याचा मेळ बसत नाही. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवताना संत पौलाने ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेला सोबती त्याच्याबरोबर होता, आणि एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये, देवासमोर तसेच माणसांसमोरही व्यवहार चोख दिसावा, असे कारण तो स्वतः देतो (2 करिंथ 8:19-21). प्रेषिताला ज्याची गरज वाटली, ती धर्मग्रामाच्या समितीला अपमानास्पद वाटण्याचे कारण नाही.

आता नियम. कॅनन 1267 च्या तिसऱ्या परिच्छेदानुसार, ठरावीक हेतूसाठी दिलेली देणगी त्याच हेतूसाठी वापरता येते. छपराचे पैसे छपरालाच लागले पाहिजेत. दुसरी कितीही निकडीची गरज उभी राहिली तरी धर्मगुरूंनी किंवा समितीने आपल्या मर्जीने ते पैसे वळवायचे नसतात. कॅनन 537 प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे बंधनकारक आहे. ती असावी की नसावी, हे प्रमुख धर्मगुरूंच्या इच्छेवर सोडलेले नाही. कॅनन 1284 जमाखर्चाची वही नीट ठेवायला आणि वर्षअखेरीस अहवाल तयार करायला सांगते. भाविकांनी दिलेल्या अर्पणांचा हिशोब भाविकांना द्यावा, असे कॅनन 1287 च्या दुसऱ्या परिच्छेदात आहे. तो कोणत्या रीतीने द्यायचा ते धर्मप्रांताचे नियम ठरवतात.

अर्थात ‘असे ऐकतो’ एवढ्या भांडवलावर आरोप करू नये. ध्वनिवर्धक सर्वसाधारण निधीतून घेतलेले असू शकतात, आणि छपराचे काम परवानगीसाठी किंवा पुरेशी रक्कम जमण्यासाठी अडलेले असू शकते. प्रमुख धर्मगुरूंना सौजन्याने, पण लेखी विचारा : छपराच्या निधीत किती जमा झाले, किती खर्ची पडले, शिल्लक कोणत्या खात्यात आहे आणि काम कधी सुरू होणार? हाच मजकूर अर्थसमितीलाही द्या. वाजवी मुदतीत उत्तर आले नाही तर धर्मप्रांताच्या कार्यालयाला लिहावे. त्यात चहाडी नाही. धर्मप्रांताची देखरेख असते ती यासाठीच.

जाता जाता रविवारच्या अर्पणाची मोजणी कशी होते तेही एकदा पाहून घ्यावे. थैल्या मिस्सानंतर लगेच, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या निदान दोघांनी एकत्र मोजाव्यात, नोटा आणि नाणी यांची वेगळी नोंद असलेल्या चिठ्ठीवर दोघांनी सह्या कराव्यात, आणि बँकेची पावती त्याच चिठ्ठीला टाचली जावी. मोजणारी जोडी दर काही आठवड्यांनी बदलावी. एकटा माणूस कितीही सचोटीचा असला तरी त्याला एकट्याने मोजायला बसवणे हा त्याच्यावरच अन्याय आहे, कारण उद्या कोणी शंका घेतली तर त्याच्या बाजूने साक्ष द्यायला कोणी नसते.

प्रश्न : आईच्या स्मरणार्थ मिस्सा अर्पण करायची होती. कार्यालयात रक्कम विचारली तेव्हा मनात आले, मिस्सा विकत घेतो आहोत की काय?

तुमच्या मनात आलेली शंका ख्रिस्तसभेलाही आहे, आणि म्हणूनच या बाबतीतले नियम बरेच काटेकोर आहेत. मिस्साची किंमत नसते. त्या निमित्ताने दिलेली रक्कम हे अर्पण असते. त्यातून धर्मगुरूंच्या निर्वाहाला आणि ख्रिस्तसभेच्या कार्याला मदत होते. व्यापाराचा आभाससुद्धा टाळावा, असे कॅनन 947 बजावते. रक्कम कार्यालय ठरवत नाही. त्या प्रांतातील बिशप एकत्रितपणे ठरवतात आणि त्याहून अधिक मागण्याची मुभा धर्मगुरूंना नसते (कॅनन 952). एका धर्मगुरूने दिवसात एकाहून अधिक मिस्सा केल्या तरी नाताळचा दिवस सोडता एकाच मिस्साचे अर्पण त्यांनी स्वतःसाठी ठेवायचे असते. काहीच देता न येणाऱ्यांच्या हेतूसाठीही मिस्सा करावी, अशी कळकळीची शिफारस कॅनन 945 मध्ये आहे. बाप्तिस्मा, विवाह आणि अंत्यविधी यांबाबत 2020 मध्ये व्हॅटिकनने धर्मग्रामांविषयी काढलेल्या सूचनापत्रातही संस्कारांना दरपत्रकाचे रूप येऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे.

तेव्हा आईसाठी निःशंक मनाने मिस्सा लावा. हेतू मिस्साच्या वहीत तारखेसह नोंदला गेला आहे ना, एवढे पाहून घ्या.

प्रश्न : पतीच्या आजारपणामुळे घरात पैसा उरत नाही. थैली समोर आली की शेजारी बसलेल्यांच्या नजरेने संकोचते. मिस्साला जाणेच टाळावेसे वाटते.

बाई, तुम्ही मिस्सा टाळू नका. कर्तव्य कुवतीपुरतेच असते, आणि आज तुमची कुवत पतीच्या शुश्रूषेत खर्ची पडते आहे. थैली शांतपणे पुढे द्या. दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट कोणी ऐकवली, तर मार्कच्या बाराव्या अध्यायात त्या गोष्टीच्या लगेच आधी येशूने विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांना धारेवर धरले आहे, हेही त्यांना वाचून दाखवा. धर्मग्रामाच्या पैशावर पहिला हक्क असणाऱ्यांत तुमच्यासारखी कुटुंबे येतात. इसवी सन 155 च्या सुमारास संत जस्टिनने रविवारच्या सभेचे वर्णन केले आहे. त्यात ज्यांना शक्य आणि इच्छा आहे ते देतात, आणि जमलेल्या पैशातून सभेचा प्रमुख अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांची काळजी घेतो, असे तो लिहितो. यादीत आजाऱ्यांचा उल्लेख आहे. औषधांसाठी मदत हवी असल्यास प्रमुख धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोला.

प्रश्न : नव्या धर्मगुरूंचा कारभार पटत नाही. त्यांची बदली होईपर्यंत चर्चला देणे थांबवून तेच पैसे एखाद्या अनाथाश्रमाला द्यावेत, असा आम्हा काही कुटुंबांचा विचार आहे.

अनाथाश्रमाला जरूर द्यावे. त्यासाठी धर्मगुरू नावडते असण्याची अट नाही. मात्र चर्चचे पैसे रोखून कोणाला चिमटा बसतो ते तपासून पाहा. धर्मग्रामाला दिलेले अर्पण धर्मगुरूंच्या खिशात जात नाही. कॅनन 1267 प्रमाणे ते धर्मग्रामालाच दिले असे मानले जाते. त्यामुळे झळ पोचते ती साक्रिस्तानाला, धर्मशिक्षणाच्या वर्गाला, गरिबांच्या निधीला. धर्मगुरूंची बदली होते. विजेचे बिल आणि छप्पर मात्र तुमच्या माथी राहते.

प्रवचन लांबते, स्वभाव तुसडा आहे, जुने गायनवृंद मोडले, अशा तक्रारींसाठी देणे थांबवणे मला पटत नाही. त्यासाठी धर्मग्राम परिषद आहे. पैशांच्या गैरव्यवहाराचा सबळ संशय असेल तर गोष्ट वेगळी. तशा वेळी, चौकशी पूर्ण होईपर्यंत, हेतू लिहून दिलेली देणगी द्यावी : ‘धर्मशिक्षणाच्या पुस्तकांसाठी’, ‘वीजबिलासाठी’. वर सांगितल्याप्रमाणे ती त्याच कामाला लावणे बंधनकारक ठरते, तुमचे कर्तव्यही चुकत नाही आणि कारभाऱ्यांना जे कळायचे ते कळते.

प्रश्न : मृत्युपत्रात धर्मग्रामासाठी काही रक्कम ठेवायची आहे आणि तिच्या व्याजातून माझ्यासाठी कायमच्या मिस्सा व्हाव्यात अशी इच्छा आहे.

मृत्युपत्रात धर्मगुरूंचे व्यक्तिगत नाव घालू नका. धर्मग्रामाचे, किंवा तुमच्या देशातील कायद्याप्रमाणे त्याची मालमत्ता ज्या संस्थेच्या नावे असते तिचे, अधिकृत नाव कार्यालयातून लिहून घ्या आणि वकिलाला द्या. ‘कायमच्या’ मिस्सांची हमी आता मिळत नाही. कॅनन 1303 अशा निधीसाठी दीर्घ पण मर्यादित मुदत मानते, आणि ती धर्मप्रांताच्या नियमांत ठरलेली असते. शिवाय असा निधी स्वीकारण्यापूर्वी धर्मग्रामाला बिशपांची लेखी परवानगी घ्यावी लागते (कॅनन 1304), म्हणून मसुदा हयातीतच प्रमुख धर्मगुरूंना दाखवावा. मिस्सांची मुदत संपल्यावर मूळ रक्कम कशासाठी वापरावी, हेही त्याच मसुद्यात एका वाक्यात लिहून ठेवा.